वाचता येते, लिहिता येत नाही

संगणकाचे नित्याचे काम बिनबोभाट चाललेले असते आणि अकस्मात तो नवी नोंद स्वीकारण्याचे नाकारतो. जुन्या फाइली उघडतात, त्यांतील मजकूर वाचता येतो; परंतु एक अक्षरही नव्याने लिहिले जात नाही. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या आभासी यंत्रांच्या, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनच्या, बाबतीत हा प्रसंग अनेकदा उद्भवतो. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, असा मोह होतो. तो आवरणे हाच उपचाराचा आरंभ होय.

या वर्तनामागील हेतू समजून घेतला पाहिजे. लिनक्समध्ये २००८ पासून प्रचारात आलेली 'एक्स्ट-फोर' ही फाइल सिस्टिम पेढीवरच्या मुनिमासारखी वागते. मुनीम व्यवहार प्रथम रोजकीर्दीत टिपतो आणि मागाहून खतावणीत चढवितो. त्याचप्रमाणे फाइलींच्या मांडणीत करावयाच्या बदलाची नोंद आधी 'जर्नल' नावाच्या राखीव जागेत होते. मध्येच वीज गेली, तरी ही रोजकीर्द वाचून अर्धवट व्यवहार मार्गी लावता येतात. परंतु रोजकीर्दीतच लिहिता येईनासे झाले, तर पुढे लिहीत राहणे म्हणजे चुकीवर चूक चढविणे होय. म्हणून प्रणालीचा गाभा असलेला कर्नल लेखणी खाली ठेवतो आणि वही केवळ वाचनासाठी खुली राहते.

आभासी यंत्राला हा धोका अधिक का? त्याची डिस्क ही पुष्कळदा यजमान संगणकावरील एक मोठी फाइल असते, किंवा जाळ्यापलीकडील सामाईक भांडारातील एक भाग असते. ते भांडार काही काळ खोळंबले, की आतल्या लिनक्सला आपली डिस्कच निरुत्तर झाल्यासारखे वाटते. स्कझी पद्धतीच्या डिस्कच्या उत्तरासाठी लिनक्स सामान्यतः ३० सेकंद थांबते. व्हीएमवेअरची साहाय्यक साधने ही मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवितात, ती याच कारणास्तव. दुसरे कारण जागेचे. यजमानाने प्रत्यक्षाहून अधिक जागेचे आश्वासन दिलेले असते. आत जागा मोकळी दिसते आणि बाहेर भांडार भरून गेलेले असते. खरीखुरी डिस्क झिजत चालली असणे, हे तिसरे कारण.

यांपैकी कोणते कारण घडले, याचा पुरावा मात्र फार नाशवंत असतो. डिस्कवर लिहिणे थांबल्यामुळे नोंदवह्याही त्याच क्षणी थांबतात. शेवटचे संदेश केवळ स्मृतीत उरतात आणि यंत्र पुन्हा चालू करताच पुसले जातात. म्हणून सर्वप्रथम 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन कर्नलचे संदेश वाचावेत व दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावेत. त्यांतील पहिली चूक महत्त्वाची. नंतरच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. तिची वेळ यजमानाच्या नोंदींशी ताडून पाहावी. एकाच वेळी अनेक आभासी यंत्रे अडली असतील, तर दोष बहुधा यजमानाकडेच असतो.

मूळ दोष दूर झाल्यावाचून दुरुस्तीस हात घालू नये. तो दूर झाल्यावर डिस्कची प्रत निराळ्या भांडारावर घ्यावी, आणि मगच यंत्र दुसऱ्या माध्यमावरून चालू करून 'एफएससीके' ही तपासणी करावी. ती वापरात असलेल्या डिस्कवर करणे घातक ठरते. प्रथम काहीही न बदलता नुसती पाहणी करून घेणे श्रेयस्कर. लेखनाची मुभा बळेच परत देणारी आज्ञाही आहे. परंतु जर्नल खंडित झाले असेल, तर कर्नल तीही बहुधा नाकारतो.

दुरुस्तीनंतर बेवारस ठरलेल्या फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' या कप्प्यात जमा होतात. तो कप्पा पाहावा, आणि डेटाबेस असल्यास त्याची स्वतंत्र तपासणी करावी. कारण खात्यांची मांडणी बिनचूक झाली, तरी त्यांतील प्रत्येक आकडा खरा आहे, अशी हमी कोणतीही फाइल सिस्टिम देत नाही.