सखीच्या ओव्या
मैत्रिणीस उद्देशून किंवा मैत्रीविषयी स्त्रियांनी जात्यावर दळताना गाइलेल्या मराठी लोकओव्या. जात्यावरील ओव्यांत माता, बंधू, कन्या, माहेर, सासर व दैवते यांच्याप्रमाणेच सखीलाही स्वतंत्र स्थान आहे. महाराष्ट्राच्या सर्व भागांत अशा ओव्या आढळतात. प्रस्तुत नोंदीत बीड जिल्हा व त्याच्या परिसराच्या अनुषंगाने त्यांचा विचार केला आहे.

ओवीचे ग्रंथातील व कंठातील असे दोन प्रकार मानतात. बीड जिल्ह्यास या दोहोंचा वारसा लाभला आहे. विवेकसिंधु (परंपरेने शके १११०, इ. स. ११८८) या ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज व गीतार्णवकर्ते दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या समाध्या अंबाजोगाई येथे दाखविल्या जातात. कंठातील ओवीही तितकीच जुनी आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (११२९) या संस्कृत ग्रंथात आहे. बीडच्या पूर्वेस, परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे (मृ. १३५०) जन्मस्थान. विठ्ठल त्यांना दळणकांडणात हात देत असे, अशी आख्यायिका आहे. नवविधा भक्तीत सख्य ही आठवी भक्ती होय. तिची कल्पना करताना लोकमानसाने देवाला जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसविले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सख्यभाव हा या ओव्यांचा केवळ विषय नसून त्यांची घडणही त्यावर अवलंबून असते. ज्वारी-बाजरीचे पीठ रोजच्या रोज, बहुधा पहाटे दळावे लागे. जड जाते एकटीने ओढणे कष्टाचे असल्याने दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीचा हात पुढे जाताना दुसरीचा मागे येई व मधूनमधून एकजण जात्यात मूठमूठ दाणे घाली. ओवी सामान्यतः दोन ओळींची व सयमक असते. अक्षरसंख्येचे बंधन सैल असून ‘बाई’, ‘गं’ यांसारख्या पूरक शब्दांनी व पुनरावृत्तीने ती जात्याच्या फेऱ्याशी जुळविली जाते. एकीने ओळ उचलावी, दुसरीने ती झेलावी व पुढे आपली ओवी जोडावी, अशी रीत होती. त्यामुळे कोणती ओवी कोणी रचली, हे सांगणे सहसा शक्य नसते. फ्रेंच गायिका फ्रान्स्वाज आर्दी (१९४४–२०२४) हिचे ‘लामितिये’ म्हणजे ‘मैत्री’ (१९६५) हे गीतही सख्याविषयीच आहे. तथापि त्याचे गीतकार व संगीतकार ठाऊक आहेत व ध्वनिमुद्रणामुळे ते अपरिचित श्रोत्यांपर्यंत पोहोचते. ओवीला मात्र निराळा श्रोता नसतो. जिच्याविषयी गावयाचे, तीच पुष्कळदा समोर बसून साथ करीत असते.

या ओव्यांत मैत्रिणीसाठी सखी, सई, गडणी, शेजी असे शब्द येतात. लहानपणीची गडणी आणि सासरची शेजी ही त्यांतील दोन प्रमुख रूपे होत. विवाहानंतर मुलगी परगावी जात असल्याने बालपणीच्या मैत्रिणी एकाच वेळी दुरावत. त्यांची भेट नागपंचमीसारख्या सणाला, तीही दोघींना माहेरी आणले गेले तरच घडे. सासरी शेजारीण हीच पहिली सोबतीण ठरे. ती उसने देते, आजारात धावते, मनातले ऐकून घेते. तसेच ती कधी घरातील गोष्ट बाहेरही नेते. म्हणून शेजीच्या ओव्यांत जिव्हाळ्याबरोबर सावधपणाही आढळतो. सासरचा जाच उघड बोलण्याची सोय नसलेल्या स्त्रीस जात्याच्या घरघरीआड तो बोलता येई. सोबत कोणी नसल्यास खुद्द जात्यालाच सखा किंवा देव मानून मन मोकळे केले जाई.

हे सख्य जातिव्यवस्थेच्या मर्यादेत वाढले, हे विसरून चालणार नाही. शेजी म्हणजे बहुधा आपल्याच आळीतील व आपल्याच जातीची स्त्री होय. दलित वस्त्यांतील ओव्यांत पुढे एक नवे नाते प्रकट झाले. माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई व बुद्ध यांना आप्ताच्या जवळिकीने आळविले आहे. येथे सखीची सोबत समान मुक्तीच्या जाणिवेपर्यंत विस्तारते.

या ध्वनिमुद्रणामागे पुण्यातील समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर व मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातव्हँ (१९३४–२००४) यांचा संकलनप्रकल्प होता. बेर्नार बेल हे फ्रेंच संगणकतज्ञ व संगीत-अभ्यासक त्यात सहभागी झाले. महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पात जमा झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने त्या क्रमशः प्रसिद्ध केल्या. साने गुरुजी (१८९९–१९५०) व सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांनीही स्त्रीगीतांचे मोठे संकलन केले आहे. जुन्या संकलनांत गाणारी स्त्री बहुधा अनामिक राहते. या प्रकल्पात मात्र गायिकेचे नाव व गाव नोंदविण्याचे धोरण आहे.

विजेवर व तेलावर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव झाल्यावर दळणाचे कष्ट संपले आणि ओवीचे निमित्तही नाहीसे झाले. कष्ट संपले ही इष्टच गोष्ट होय. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु कामाच्या निमित्ताने दोन स्त्रियांना रोज मिळणारा निर्वेध एकांतही त्याबरोबर गेला. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसऱ्यानंतर पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. त्या काळात गावातील शेजारही विस्कटतो. ओव्यांचे शब्द व चाली संग्रहात सुरक्षित राहतील. परंतु त्यांना जन्म देणाऱ्या सख्याला आजच्या श्रमजीवनात नवी जागा मिळणे, हा संकलनाच्या पलीकडचा सामाजिक प्रश्न आहे.