मूठभर तांदळावर उभी राहिलेली मंडळी

मिझोरममधील ख्रिस्ती घरांत भाताला तांदूळ मापून झाले की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात पडते. सकाळच्या स्वयंपाकाची एक, संध्याकाळची एक. या प्रथेला मिझो भाषेत ‘बुहफाई थाम’ म्हणतात. अर्थ एवढाच, की कांडलेल्या तांदळाची मूठ. ठरलेल्या दिवशी वस्तीतील मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, स्त्रिया घरोघर फिरून डबे रिकामे करतात. जमलेला तांदूळ मोजला जातो, वहीत मांडला जातो आणि विकून आलेला पैसा मंडळीच्या कार्याला लागतो. 1910 च्या सुमारास सुरू झालेला हा रिवाज शंभराहून अधिक वर्षे टिकला आहे. परदेशी पैशावर जन्मलेली एक मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली, यात या मुठीचा वाटा फार मोठा आहे.

लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोरममध्ये, सुवार्ता पोहोचली ती एका धनिकाच्या पैशावर. जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोघे 11 जानेवारी 1894 रोजी तिथे आले. त्यांचा खर्च लीड्सचे रॉबर्ट आर्थिंग्टन करत होते. एका जमातीत सुवार्ता सांगून झाली की मिशनरींनी तिथे न रेंगाळता पुढच्या जमातीकडे जावे, असे आर्थिंग्टन यांचे ठाम मत होते. लॉरेन आणि सॅव्हिज यांनी चार वर्षांत मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शुभवर्तमानांचे भाषांतर सुरू केले, आणि त्यानंतर त्यांना तिथून निघावे लागले. पैसा दूरच्या एका माणसाचा असला की काम कुठे थांबायचे हेही तोच ठरवतो. त्यांच्या जागी 1897 मध्ये वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले. लॉरेन आणि सॅव्हिज 1903 मध्ये बॅप्टिस्ट मिशनतर्फे परतले, पण ते दक्षिणेकडच्या लुंगलेई भागात.

स्थानिक मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः सांभाळावा, हा विचार त्याआधीच मांडला गेला होता. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते. अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामाचीही त्यांनी पाहणी केली. तरीही महाराष्ट्रात हा विचार सहजी रुजला नाही, आणि त्यात इथल्या ख्रिस्ती लोकांच्या औदार्याला उणे लेखण्याचे कारण नाही. नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातील माणसे मोठ्या संख्येने होती. बहुतेकांपाशी पुरेशी जमीन नव्हती, दुष्काळ पाठ सोडत नव्हता, आणि धर्मांतरानंतर गावातले परंपरेचे उत्पन्नही डळमळीत व्हायचे. अशा घराला मिशनचा पगार हाच मोठा आधार होता. परावलंबनाची ही बोच नारायण वामन टिळकांना तीव्रपणे जाणवली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा मिशनपासून स्वतंत्र समुदाय उभारण्याचा प्रयत्न केला. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, त्यांचे निधन झाले.

मिझो टेकड्यांतील परिस्थिती वेगळी होती. तिथे रोकड जवळजवळ नव्हती, पण झूम, म्हणजे फिरत्या शेतीचे भात बहुतेक प्रत्येक घरात होते. दानासाठी पैसाच हवा असता तर बहुतेक घरे बाहेर राहिली असती. देण्याची वस्तू चुलीपाशीच होती, म्हणून विधवेचे घर आणि गावच्या सरदाराचे घर एकाच मापाने देऊ शकले. बायबलच्या राजांच्या पहिल्या पुस्तकातील सतराव्या अध्यायात सारफथची विधवा शेवटच्या मूठभर पिठातून एलीयाला भाकर करून देते. रोज तांदूळ मोजणाऱ्या बाईला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसरे कारण मिझो समाजाच्या स्वभावात आहे. ‘त्लॉमङाइना’ या मिझो मूल्यानुसार स्वतः झीज सोसून दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हीच माणसाची प्रतिष्ठा. कुणाचे घर बांधायचे असो, आजाऱ्याला डोंगर उतरून न्यायचे असो की कबर खणायची असो, तरुणांनी न सांगता पुढे व्हायचे. 1935 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता यंग मिझो असोसिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचा पायाही हाच. ख्रिस्ती शिकवणीने हे मूल्य मोडले नाही, त्याला नवे काम दिले. देण्याची संस्कृती बाहेरून आणून लावता येत नाही, आधीपासून असलेल्या चालीवर तिचे कलम बसते, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचित सापडतो.

मात्र या प्रथेचा खरा कणा स्त्रिया आहेत. जुन्या मिझो समाजात सरदाराच्या दरबारी स्त्रीच्या शब्दाला वजन नव्हते. पण तांदूळ किती शिजवायचा हे तीच ठरवत होती. तिच्या या एकमेव अधिकारातूनच मंडळीची तिजोरी भरू लागली. तांदूळ गोळा करणे, हिशेब ठेवणे, सभा घेणे या कामांतून स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. घरोघर जाऊन शिकवणाऱ्या बायबल-स्त्रियांचा खर्च याच पैशातून चालू लागला. पुढे मूठभर सरपणाचीही जोड मिळाली. तरीही वेल्श मिशनमधून वाढलेल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत स्त्रीला पाळकपदाची दीक्षा देण्याचा प्रश्न अनेक दशके वादातच राहिला. जिच्या मुठीवर मंडळी चालते तिला निर्णयाच्या जागी बसू न देणे, हा या सुंदर परंपरेवरचा उघड अन्याय आहे.

प्रथेची परीक्षाही लवकर झाली. मेलोकाना जातीच्या बांबूला सुमारे 48 वर्षांनी फुलोरा येतो, त्याच्या फळांवर उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि ते शेतातले भात फस्त करतात. ‘मौताम’ नावाचा हा दुष्काळ 1911-12 मध्ये पडला, तेव्हा मूठ काढण्याची सवय नुकती लागत होती. पुढचा मौताम 1959 मध्ये आला. त्यावेळच्या असंतोषातून मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला आणि मार्च 1966 मध्ये बंड झाले. ऐझॉलवर विमानांतून हल्ले झाले, गावेच्या गावे उठवून नव्या वसाहतींत कोंबली गेली. त्या दशकाच्या अखेरीस परदेशी मिशनरींनाही मिझो टेकड्या सोडाव्या लागल्या. पगार, शाळा आणि प्रचारकार्य बाहेरच्या पैशावरच अवलंबून असते तर मंडळीचे काम त्याच वेळी कोलमडले असते. ते चालत राहिले, आणि मिझो मंडळ्या आसाम, त्रिपुरा, अरुणाचलसारख्या राज्यांत स्वतःचे मिशनरी पाठवू लागल्या.

मूठभर धान्याची ही रीत मराठी माणसाला परकी नाही. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात घरोघर जमवलेल्या मूठ-मूठ तांदळातून शिक्षणाचे काम उभे राहिले. पणजीची मुष्टिफंड संस्था ते नाव आजही चालवते. तिथेही दात्यांची संख्या हीच संस्थेची खरी पुंजी होती.

2011 च्या जनगणनेनुसार मिझोरमच्या लोकसंख्येत ख्रिस्ती 87 टक्क्यांहून अधिक आहेत. आता तिथे रोकड आहे, सरकारी नोकऱ्या आहेत, आणि मंडळीच्या उत्पन्नात दशांशाचे, म्हणजे कमाईच्या दहाव्या भागाच्या दानाचे, स्थान मोठे आहे. देणगीचे हेतू वेगळे राखले जातात: मंडळीच्या व्यापक कार्यासाठी, मिशनसाठी आणि स्थानिक गरजांसाठी. पण राज्याच्या तिजोरीत केंद्राकडून येणाऱ्या पैशाचा वाटा मोठा असल्याने पगारातून निघणारा दशांशही शेवटी राज्याबाहेरून येणाऱ्या पैशाशी जोडलेला आहे. शिवाय सगळी वस्ती एकमेकांना ओळखते, तिथे देणे ऐच्छिक किती आणि लोकलाजेचे किती, हे सांगणे अवघड होते. झूम शेती कमी होत चाललेल्या शहरी घरांत तांदूळ आता दुकानातून येतो. तोही पिशवीतून काढून शिजवायला घेताना डब्यात मूठ पडते, कारण स्त्रियांनी ती सवय मुलींच्या हाती सोपवली आहे. दशांश कमावता माणूस महिन्यातून एकदा देतो. मूठ मात्र ज्या घरात कमावते कुणीच नाही तिथूनही निघते, आणि म्हणून मिझो मंडळ्यांनी पैशाची सोय झाल्यावरही ती बंद केलेली नाही.