सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही? पुन्हा चावी फिरवण्याआधी हे तपासा

चावी फिरवली की 'खर्र-खर्र' आवाज येतो, इंजिन फिरते, पण गाडी सुरू होत नाही. अशा वेळी बहुतेक जण सेल्फ मारत राहतात. त्यात बॅटरी उतरते आणि एका बिघाडाचे दोन होतात. त्यापेक्षा थांबून काही गोष्टी पाहिल्या, तर दोष कुठे आहे याचा अंदाज येतो.

दोष बॅटरीचा की आणखी कशाचा?

नुसता 'टिक-टिक' आवाज येत असेल किंवा इंजिन रडत-रडत फिरत असेल, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा स्टार्टर तपासा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर हे तिन्ही सहसा ठीक असतात. पेट्रोल इंजिन सुरू व्हायला इंधन, स्पार्क आणि सिलिंडरमध्ये हवेचा दाब लागतो. यातले काय कमी पडते आहे, ते शोधायचे.

घरच्या घरी काय पाहाल?

१. डॅशबोर्ड: चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर चावी ओळखत नसावा. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फ फिरतो, पण इंधन बंद राहते. दुसरी चावी वापरून पाहा.

२. पेट्रोल: अनेक सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. त्यामुळे गॅस भरलेला असूनही टाकीत पेट्रोल नसेल, तर गाडी अडते.

३. पंपाचा आवाज: सेल्फ न मारता चावी फक्त 'ऑन' करा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, तर इंधन पंपाचा फ्यूज पाहा. फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. फ्यूज ठीक असेल, तर रिले किंवा पंपावर संशय घ्यावा.

४. आरपीएमचा काटा: सेल्फ मारताना अनेक गाड्यांत तो थोडा हलतो. अजिबात हलला नाही, तर क्रँक सेन्सर गेला असू शकतो. गरम इंजिन बंद केल्यावर सुरू न होणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे, हेही त्याचे एक लक्षण आहे.

५. पेट्रोलचा वास: उग्र वास येत असेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त झालेले असू शकते. थोडा वेळ थांबा. मग अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, की इंजेक्टर बंद राहतात आणि जादा पेट्रोल बाहेर पडते.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो. तिथे टाकी रिकामी होऊन लाइनमध्ये शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर आणि थंडीत ग्लो प्लग ही नेहमीची कारणे.

कधी सेल्फ मारूच नये?

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल, तर चावीला हात लावू नका. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' हे वेगळे कव्हर लागते, त्याच्याही अटी असतात. गाडी टो करून न्या.

इंजिन अचानक नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरू लागले, तरी थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो.

एरवीही एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्या.

मेकॅनिकला काय सांगाल?

पंपाचा आवाज आला का, काटा हलला का, कोणता दिवा लागला, हे सांगा. स्कॅनर लावायला सांगून कोड विचारा. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. मात्र, कोड म्हणजे निदान नव्हे. सैल वायरमुळेही तो येतो. म्हणून आधी तपासणी, मगच नवा पार्ट.