शाळेनं प्रवेश नाकारला? सुनावणीला जाताना ‘कारण’ सोबत न्या

‘लॉटरीत नाव लागलं’ असा मेसेज आला की घरात पेढे येतात. पण काही घरांत पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत दुसरी बातमी येते. कागदपत्रांच्या पडताळणीत काहीतरी अडकतं, नाहीतर शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतूनच सांगितलं जातं, "तुमचं होणार नाही." कुणाला अंतर जास्त असल्याचं सांगतात, कुणाला उत्पन्नाचा दाखला चालत नाही म्हणतात. काहींना कारणही मिळत नाही. नुसतं, "पुढच्या वर्षी बघा."

पण पुढच्या वर्षी मूल एका वर्षानं मोठं झालेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो त्याच्या २५ टक्के राखीव जागा खासगी शाळेच्या प्रवेशाच्या वर्गातच असतात, म्हणजे पहिलीत किंवा शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथे. ते वर्ष गेलं की बहुतेकदा संधीही जाते. म्हणून नकार मिळाल्यावर रडत बसायला किंवा ओळखीचा नगरसेवक शोधत फिरायला वेळ नसतो. कायद्यानं तुम्हाला लेखी तक्रार करण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. त्या सुनावणीची तयारी कशी करायची, ते पाहू.

पहिलं काम : नकार कागदावर आणा

सुनावणीत सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं : प्रवेश कोणत्या कारणानं नाकारला? तोंडी सांगितलेलं कारण सुनावणीच्या दिवशी बदलू शकतं. आज ‘अंतर’, उद्या ‘जागा भरल्या’. म्हणून शाळेकडे किंवा पडताळणी समितीकडे नकाराचं कारण लेखी मागा.

देत नसतील तर तुम्हीच पत्र लिहा : "आज दिनांक अमुक रोजी मी शाळेत आलो असता अमुक कारण सांगून माझ्या मुलीला प्रवेश नाकारण्यात आला. हे कारण बरोबर नसल्यास कृपया लेखी कळवावे." पत्र आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टनं पाठवा, ईमेलही करा आणि पावती जपून ठेवा.

तुमची तक्रार कायद्यात बसते का?

इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. लॉटरीत नावच लागलं नसेल, तर ‘आमची परिस्थिती फार बिकट आहे’ एवढ्यावर जागा मिळत नाही. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१४ मध्ये ठरवलं आहे. त्यामुळे शाळेचा दर्जा आधी तपासा.

पण पुढच्या कारणांवर मात्र कायदा तुमच्या बाजूनं बोलतो.

जन्माचा पुरावा नाही, एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४).

प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही (कलम १३). चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देणगी घेतल्यास दंड तिच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

बदलीमुळे तुम्ही नागपूरहून इंदूरला किंवा सोलापूरहून हैदराबादला गेलात आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत नाव घालायचं आहे, तर जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५). स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाचीच जबाबदारी आहे (कलम ९).

कायदा देशभर एक असला तरी नियम राज्यागणिक वेगळे आहेत. उत्पन्नाची मर्यादा, अंतर, चालणारे दाखले, सगळं त्या त्या राज्याचं. एका राज्यातला जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. नियम मध्येच बदलतातही. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट देणारा बदल झाला. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. म्हणून शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका. या वर्षीची, तुमच्या राज्याची सूचना डाउनलोड करा आणि तुम्हाला लागू होणाऱ्या ओळीखाली पेनानं रेघ मारा.

तक्रार कुठे करायची?

कलम ३२ नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, म्हणजे महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा पंचायत यांच्याकडे. प्रत्यक्षात हे काम सहसा शिक्षण विभागाचे अधिकारी पाहतात. दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, असं कायदा सांगतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

तीन महिने म्हणजे जवळजवळ एक सत्र. म्हणून तक्रार उशिरा करू नका, आणि अर्जातच लिहा की निकाल लागेपर्यंत ही जागा दुसऱ्याला देऊ नये.

फाइल अशी लावा

सर्वांत वर एक पानाचा घटनाक्रम ठेवा : अर्ज कधी भरला, निवड कधी झाली, कागद कधी दाखवले, नकार कधी मिळाला, पत्र कधी दिलं. एका ओळीत एक तारीख. अधिकाऱ्यासमोर त्या दिवशी अशा बऱ्याच फाइली असतात. तुमचं हे एक पान त्यांनी वाचलं तरी खूप झालं.

त्याखाली नकाराचं पत्र, मग त्या कारणाला उत्तर देणारे कागद, शेवटी बाकीचे. प्रत्येक पानाला क्रमांक द्या. तीन संच करा : एक अधिकाऱ्यांना, एक शाळेला, एक तुमच्याकडे. मूळ कागद फक्त दाखवायचे, हातातून सोडायचे नाहीत.

नेहमी अडकवणाऱ्या दोन गोष्टी आधी पाहा. एक, नावं. आधारवर ‘सुनीता’, जन्मदाखल्यावर ‘सुनिता’ आणि रेशनकार्डवर माहेरचं आडनाव असेल, तर ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. दोन, पत्ता. महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं आणि खूण जरा सरकली तरी अंतर बदलतं. मुद्दा अंतराचा असेल तर घर आणि शाळा दाखवणारी नकाशाची प्रिंट आणि राहण्याचा पुरावा एकामागोमाग लावा. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या तारखेआधीचा चालतो, ते सूचनेत पाहून घ्या.

खोटा पत्ता, खोटा दाखला मात्र कुणी कितीही सुचवला तरी नको. तो पुढे उघडकीला आला तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो, आणि भोगतं मूल.

तीन मिनिटांत काय बोलाल?

बहुतेक पालक सुरुवात करतात, "साहेब, ही शाळा खूप चांगली आहे, आम्ही फार कष्टानं..." भावना खरी असते, पण समोरच्या माणसाला शाळेच्या चांगुलपणावर निर्णय द्यायचा नसतो. नकाराचं कारण टिकतं की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. म्हणून असं बोला :

"माझ्या मुलीची निवड अमुक तारखेला झाली. अमुक तारखेला अंतराचं कारण देऊन प्रवेश नाकारला. पान चारवर घराचा पुरावा आहे, पान पाचवर नकाशा. नियमात दिलेल्या अंतरातच आमचं घर आहे. माझी मागणी एकच, याच वर्षी या शाळेत प्रवेश देण्याचा आदेश व्हावा."

घरी घड्याळ लावून दोनदा म्हणून पाहा. आजीसमोर म्हणा. तिला कळलं तर साहेबांनाही कळेल.

शाळेकडून काय उत्तर येईल, तेही आधी लिहून काढा. ‘जागा भरल्या’ म्हणाले तर राखीव जागा किती आणि त्यांवर कोणाचे प्रवेश झाले, याची यादी सादर करायला सांगावं अशी विनंती करा. ‘सरकारकडून आमचे पैसे आले नाहीत’ म्हणाले तर शांतपणे सांगा, की या मुलांच्या खर्चाची भरपाई हा शाळा आणि सरकार यांच्यातला विषय आहे, माझ्या मुलीचा प्रवेश त्यासाठी अडवू नये. आवाज चढवू नका. मध्ये कुणी बोललं तर थांबा, मुद्दा लिहून घ्या, आपली पाळी आली की उत्तर द्या.

एकट्यानं बोलायची भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. आईच्या नावानं अर्ज करणं इथे उपयोगी पडतं. १५१०० या हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

खोलीतून निघण्याआधी

हजेरीच्या कागदावर सही करताना त्यावर काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही दिलेल्या कागदांची नोंद झाली का, विचारा. निकाल लेखी कधी मिळेल, ते विचारून तारीख टिपून घ्या. "बघतो, करतो" हा निकाल नव्हे. अपिलासाठी हातात लेखी आदेश लागतो. सुनावणीच्या दिवशी जाणं शक्यच नसेल तर आदल्या दिवशी फोनवर न सांगता, आधीच लेखी अर्ज करून पुढची तारीख मागा.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याचं काय?

मुलाला सुनावणीला नेऊ नका, बोलावलं असेल तरच न्या. त्याच्यासमोर "तुला घेत नाहीत" असं म्हणू नका. सहा वर्षांच्या मुलाला कलम, दाखला, किलोमीटर यातलं काही कळत नाही. आपल्यातच काहीतरी कमी आहे, एवढंच ते समजून घेतं. त्याला सांगा, "मोठ्या माणसांच्या कागदांत गोंधळ झालाय, तो आम्ही सोडवतोय." खरंही तेच आहे.

दरम्यान शिकणं थांबू देऊ नका. दुसऱ्या शाळेत तात्पुरतं नाव घालायचं असेल तर त्याचा तुमच्या तक्रारीवर परिणाम होतो का, हे आधी शिक्षण कार्यालयात लेखी विचारा. ते उत्तर येईपर्यंत घरी रोज अर्धा तास गोष्ट वाचा, बाजाराच्या हिशोबात त्याला बेरीज करायला लावा. आदेश जून महिन्यात येवो की ऑगस्टमध्ये, वर्गात बसताना मूल मागे पडलेलं नसावं.