शितावरून भाताची परीक्षा

जपानमध्ये एप्रिल हा आरंभाचा महिना. शाळा-महाविद्यालयांचे वर्ष याच महिन्यात सुरू होते, कचेऱ्यांमध्ये नवे उमेदवार याच महिन्यात रुजू होतात आणि दूरचित्रवाणीवर नव्या चित्रमालिकांचा एक हंगामही याच सुमारास उघडतो. ‘अ‍ॅनिमे’ या आटोपशीर नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या या मालिकांचे वर्षाला चार हंगाम असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या पंधरवड्यात डझनावारी नव्या मालिका एकदम पडद्यावर येतात. पोटापाण्याचा उद्योग सांभाळणाऱ्या माणसाला त्या साऱ्या पाहणे अशक्यच. म्हणून या कलेचा निष्ठावंत प्रेक्षक एक युक्ती योजतो. प्रत्येक मालिकेचा पहिला भाग पाहायचा, त्यावर चार ओळींचा अभिप्राय टिपून ठेवायचा आणि पुढे कोणती पाहायची, कोणती सोडायची हे ठरवायचे. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार. वेळ थोडा आणि पदार्थ पुष्कळ असले, की दुसरा मार्ग तरी कोणता?

परंतु भाताच्या बाबतीत खरी ठरणारी ही परीक्षा कलाकृतीच्या बाबतीत कितपत खरी ठरते? विशेषतः जी मालिका चाकोरीबाहेरची आहे, जिचे चित्र ओबडधोबड वाटते, जिची कथा कोठून कोठे जाते ते तासाभरात कळत नाही, तिला हा पहिल्या भागाचा निकाल न्याय देतो काय? अ‍ॅनिमेच्या साठ वर्षांच्या इतिहासाने या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे, ते घाईने निर्णय करणाऱ्या रसिकाने जरूर विचारात घ्यावे असे आहे.

१९७४ सालच्या ऑक्टोबरात ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या एका अवाढव्य युद्धनौकेच्या सांगाड्यातून अवकाशयान उभे राहते आणि मरणपंथाला लागलेल्या पृथ्वीसाठी औषध आणावयास निघते, अशी ती कथा. मुलांच्या मालिकांतून तोवर न दिसलेले गांभीर्य तिच्यात होते. पण नेमक्या त्याच रविवारच्या संध्याकाळी दुसऱ्या वाहिनीवर इसाओ ताकाहाता यांची ‘हायडी’ चालू होती. आल्प्सच्या कुरणात बागडणाऱ्या त्या अनाथ मुलीने जपानी घराघरातील संध्याकाळ केव्हाच जिंकून घेतली होती. ‘यामातो’कडे पाहावयास फारसे कोणी उरलेच नाही आणि ती ठरल्यापेक्षा लवकर, २६ भागांत गुंडाळण्यात आली. पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, योशियुकी तोमिनो यांच्या ‘गुंडम’चेही तेच झाले. युद्ध म्हणजे शौर्याचा सोहळा नव्हे, शत्रूच्या बाजूलाही माणसेच असतात, हे सांगणारी ही यंत्रमानवांची मालिका खेळणी विकण्याच्या कामी अपुरी पडली. ५२ भागांचा संकल्प ४३ भागांवर तुटला.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. पुनःप्रक्षेपणात दोन्ही मालिकांना प्रेक्षक सापडला. १९७७ च्या उन्हाळ्यात ‘यामातो’चे चित्रपटरूप प्रदर्शित झाले, तेव्हा चित्रपटगृहांबाहेर तरुणांच्या रांगा लागल्या. ‘गुंडम’च्या जोडणीच्या प्लॅस्टिक प्रतिकृती १९८० पासून अशा खपू लागल्या, की तो एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला. म्हणजे पहिल्या फेरीत नापास ठरलेल्या या दोन मालिका पुढल्या साऱ्या परंपरेचे दोन खांब ठरल्या. पहिला निकाल देणाऱ्यांची त्यात चूक काय, असे कोणी विचारील. चूक अशी नव्हे. ‘हायडी’ ही उत्तमच मालिका होती आणि ती पाहणाऱ्यांनी काही पाप केले नाही. पण पुनःप्रक्षेपणाची सोय नसती, मूठभर चाहत्यांनी चिकाटी धरली नसती, तर काय हरवले असते याचा हिशेब कोणाला लागलाही नसता.

आज काळ बदलला आहे आणि हिशेबही. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळण्यांचा कारखानदार अशा अनेकांनी मिळून भांडवल घालावयाचे आणि जोखीम वाटून घ्यावयाची, अशी पद्धत १९९० नंतर रुळली. प्रौढ प्रेक्षकांसाठीच्या मालिका मध्यरात्रीनंतर दाखवल्या जाऊ लागल्या. जपानी कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचा एक वाजला, की ‘पंचवीस वाजले’ असे छापतात. जणू या मालिकांचा दिवसच चोवीस तासांपलीकडे सुरू होतो. बहुतेक मालिका दहा ते तेरा भागांच्या. लांबी आधीच ठरलेली. त्यामुळे पूर्वीसारखी मध्येच कात्री लागण्याचा धोका कमी झाला. धोका गेला मात्र नाही, तो पुढे सरकला. पहिल्या पंधरवड्यात जिच्याकडे पाठ फिरली तिला दुसरे पर्व मिळत नाही आणि वेगळ्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या दिग्दर्शकासाठी पुढल्या वेळी भांडवलदाराच्या थैलीची नाडी सैल होत नाही.

चाकोरीबाहेरची मालिका पहिल्या भागात परकी का वाटते, हे पाहण्यासाठी २०१० सालच्या एप्रिलात आलेल्या ‘योजोहान शिन्वा ताइकेई’ या मालिकेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. इंग्रजीत ती ‘टाटामी गॅलक्सी’ म्हणून ओळखली जाते. तोमिहिको मोरिमी यांच्या कादंबरीवरून मासाआकी युआसा यांनी ती केली. नायक क्योतोतील एक विद्यार्थी. त्याला नावही नाही. साडेचार चटयांच्या, म्हणजे आपल्याकडच्या चाळीतील खोलीहूनही लहान अशा खोलीत तो राहतो आणि बोलतो ते असे, की श्वास घ्यावयास उसंत नाही. जपानी न जाणणाऱ्या प्रेक्षकाची तर त्रेधाच उडते. खालच्या अनुवादाच्या ओळी वाचाव्यात, तर चित्र निसटते. चित्र पाहावे, तर ओळी पळून जातात. रंग सपाट, चेहरे रेघोट्यांचे, मित्र म्हणून जो भेटतो त्याचे तोंड पिशाच्चासारखे. पहिल्या भागात हा विद्यार्थी टेनिस मंडळात जातो, तेथे त्याचा विचका होतो, आपले तारुण्य वाया गेले म्हणून तो हळहळतो आणि घड्याळाचे काटे उलटे फिरतात. दुसऱ्या भागात तो पुन्हा पहिल्या वर्षात असतो; या खेपेस चित्रपट मंडळात. विचका मात्र तोच.

पहिला भाग पाहून ज्याने वही मिटली, त्याच्या दृष्टीने ही एका बडबड्या विद्यार्थ्याची गोष्ट. हे पुनःपुन्हा आरंभाकडे येणे हाच कथेचा विषय आहे, हे त्याला कळणारच कसे? वाटेवर एक ज्योतिषी म्हातारी दर खेपेस भेटते आणि दर खेपेस तिची दक्षिणा एक हजार येनने वाढलेली असते. ही गंमत दुसऱ्या-तिसऱ्या भागापूर्वी लक्षात येणे शक्यच नाही. आणि दहाव्या भागात तो विद्यार्थी खोलीचे दार उघडून बाहेर पाऊल टाकतो, तो पुन्हा तशाच खोलीत. तिच्यापलीकडे आणखी तशीच खोली. तेव्हा कोठे आधीच्या नऊ भागांची बडबड एकाएकी करुण होऊन जाते. जपान सरकारच्या माध्यमकला महोत्सवात अ‍ॅनिमेशन विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्या वर्षी या मालिकेला मिळाले. चित्रपटांच्या रांगेत बसून दूरचित्रवाणीवरील मालिकेने ते पटकावले, ही गोष्ट लहान नाही. याच युआसांनी २०१४ मध्ये ‘पिंग पाँग’ केली, तेव्हाही वेड्यावाकड्या रेषा पाहून अनेकांनी नाके मुरडली. नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी पाहावयास हवे होते, की चेंडूचा वेग त्या वाकड्या रेषेनेच दिसतो. सुबक रेषेत तो थिजून गेला असता.

वेगळेपणा नेहमी असा आदळआपट करीतच येतो असे नाही. २००५ मधील ‘मुशिशी’ ही मालिका त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. युकी उरुशिबारा यांच्या चित्रकथेवरून हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत खलनायक नाही, लढाई नाही, एका भागाची गोष्ट दुसऱ्या भागात जात नाही. पांढऱ्या केसांचा गिंको नावाचा एक भटका वैद्य रानावनांतून हिंडतो आणि ‘मुशी’ नावाच्या जीवांमुळे पीडलेल्या माणसांना भेटतो. हे जीव ना वनस्पती ना प्राणी. जीवनाच्या मुळाशी असलेले काहीतरी. त्यांना मारून टाकणे हा त्याच्याजवळचा पहिला उपाय नव्हे. पहिल्या भागात डोंगरात एकटा राहणारा एक मुलगा आहे. डाव्या हाताने तो जे काढील ते सजीव होते. एवढ्या सामर्थ्याच्या मुलाकडून दुसऱ्या कोणत्याही मालिकेने राक्षस मारवून घेतले असते. येथे तो आपल्या मृत आजीसाठी एक पेला काढतो. भाग संपतो, आणि पुढे काय होणार ही उत्कंठा मुळीच मागे राहत नाही. आठवड्याच्या मालिकेने उत्कंठाच मागे ठेवू नये, हा व्यापाराच्या दृष्टीने केवढा अविचार!

रसिकांनी आपल्यापुरता एक नियम करून घेतला आहे: निदान तीन भाग पाहिल्याखेरीज मालिका सोडावयाची नाही. २०११ च्या जानेवारीत आलेल्या ‘मादोका माजिका’ने या नियमाला मोठेच बळ दिले. जादूच्या कांडीने संकटे निवारणाऱ्या शाळकरी मुलींची गोष्ट, गुलाबी रंग, एक गोंडस प्राणी. पहिले दोन भाग पाहून कोणालाही तसेच वाटावे. तिसऱ्या भागाअखेर त्या मुलींपैकी अनुभवी समजली जाणारी मुलगी पडद्यावरच मारली जाते आणि गुलाबी रंगाचा अर्थच पालटतो. अर्थात यातून दुसरेच एक दुखणे जन्मले. तिसऱ्या भागात धक्का द्यावयाचा असतो, असा समज रूढ झाला आणि पुढे धक्क्यासाठी धक्का देणाऱ्या मालिका आल्या. नियम झाला, की त्याची पळवाटही होतेच.

हेही मान्य केले पाहिजे, की विचित्र ते सारे थोर नव्हे. २००६ मधील ‘सुझुमिया हारुही’ने पहिला भाग म्हणून विद्यार्थ्यांनी काढलेला एक भिकार चित्रपट दाखवला. हलता कॅमेरा, लाकडी अभिनय, मध्येच गावच्या दुकानांची जाहिरात! तो भिकारपणा किती काळजीपूर्वक रेखाटला होता हे ज्यांना उमगले ते खूष झाले. पण त्याच मालिकेने २००९ मध्ये उन्हाळी सुट्टीचे तेच ते दिवस सलग आठ आठवडे दाखवले; चित्रे दर वेळी नवी, आवाज नव्याने ध्वनिमुद्रित, कथा मात्र जवळजवळ तीच. कालचक्रात अडकलेल्यांचा कंटाळा प्रेक्षकालाही भोगावयास लावणे ही कल्पना धाडसी खरी. परंतु चार आठवड्यांत जे पोहोचले असते त्यासाठी आठ आठवडे घेणे ही थट्टा जरा लांबलीच. निष्ठावंत चाहत्याचा एक दोष येथेच दिसून येतो. आपल्याला जे कळले नाही ते गहन असलेच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते आणि ज्याला ते आवडले नाही तो अरसिक, असा त्याचा निकाल असतो. हाही पहिल्या भागाच्या निकालाइतकाच उतावळा.

आपल्याकडील वाचकाला हा सारा प्रपंच दूरदेशीचा वाटेल. पण १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या पिढीने अ‍ॅनिमे पाहिले आहे, केवळ ते अ‍ॅनिमे आहे हे तिला ठाऊक नव्हते. किपलिंगने सिवनीच्या रानात जन्माला घातलेला मोगली तोक्योत चितारला गेला होता आणि गुलजारांच्या गीताने तो येथे आपलासा झाला. त्यावेळी निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी जे लागे ते पाहावयाचे. आवडो न आवडो, पुढल्या रविवारी पुन्हा तेच. त्या सक्तीत एक लाभ होता. मालिकेला आपले म्हणणे मांडावयास वेळ मिळे. आज त्याच घरातील मुलगा भ्रमणध्वनीवर जपानबरोबर त्याच दिवशी नवा भाग पाहतो आणि बोटाच्या एका हालचालीसरशी तो बंदही करतो.

२०२१ च्या एप्रिलात मध्यरात्रीनंतर सुरू झालेल्या ‘ऑड टॅक्सी’चा नायक ओदोकावा हा ४१ वर्षांचा टॅक्सीचालक आहे, आणि तो वॉलरस आहे. त्याच्या शहरातील पोलीस, परिचारिका, गुंड, विनोदवीर हे सारेच प्राणी. दिसावयास बालवाडीच्या पुस्तकासारखी, बोलावयास मात्र थकलेल्या प्रौढांची. पहिल्या भागात त्याच्या टॅक्सीत एक तरुण बसतो. आपले एखादे छायाचित्र एका रात्रीत जगभर गाजावे, एवढाच त्याला ध्यास असतो आणि त्यासाठी तो या अबोल चालकालाही छायाचित्रात ओढतो. पाठीमागे शहरातून नाहीशी झालेल्या एका शाळकरी मुलीची बातमी चालू असते. प्राण्यांची गोष्ट म्हणून अनेकांनी हा भाग अर्ध्यावर सोडला. सारी माणसे प्राणीच का, याला त्या मालिकेत कारण आहे आणि ते तेराव्या भागात कळते. ते येथे सांगून टाकणे बरे नव्हे.