वेबसाइटला जागा घेताना आधी पावती पाहा!



बेदाणा तयार झाला की आपण तो शीतगृहात ठेवतो. ठेवताना काय काय पाहतो? थंडी बरोबर राहते का, वीज गेली तर जनरेटर आहे का, भाडे किती, आणि माल काढायचा म्हटले की वेळेवर मिळतो का. शेवटी पावती हातात पडते, तेव्हा तिच्यावर आपलेच नाव आहे ना, हे दोनदा वाचतो. हे शहाणपण आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग घरची वेबसाइट काढताना हेच शहाणपण कुठे जाते?

आमचे कुठे गेले होते, ते आधी सांगतो.

आमचे घर तासगाव तालुक्यातले. चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने घरच्या बेदाण्याची वेबसाइट काढायचे ठरवले. शहरातल्या एका ओळखीच्या मुलाने थोड्या पैशांत ती करून दिली. द्राक्षबागेचे फोटो, शेडवरचे फोटो, अर्धा किलोचा भाव, फोन नंबर असे सगळे तिच्यावर होते. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके येऊ लागली. आम्ही हुरळून गेलो आणि दोन हजार खोक्यांवर वेबसाइटचा पत्ता छापून घेतला.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असता सूनबाई म्हणाली, “आबा, आपली वेबसाइट उघडत नाही.” त्या मुलाला फोन लावला, तर नंबर बंद. तो नोकरीसाठी परदेशी गेला होता. पत्ता त्याच्या नावावर, जागाही त्याच्याच नावावर. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि कोणी वाचल्या नाहीत. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. चूक आमची होती, कारण आम्ही पावती पाहिलीच नाही. पुढे तो पत्ता भलत्याच माणसाने घेतला. खोक्यांवर सूनबाई आणि धाकटी लेक रात्र रात्र बसून नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवीत होत्या. तुमच्या घरात अशी रात्र येऊ नये, म्हणून हा लेख.

पत्ता वेगळा, जागा वेगळी

वेबसाइटसाठी दोन गोष्टी घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे पत्ता. त्याला डोमेन म्हणतात. दुसरी म्हणजे जागा. तिला होस्टिंग म्हणतात. तुमचे फोटो आणि मजकूर एका मोठ्या, चोवीस तास चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर ठेवलेला असतो. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पत्ता टाकला की त्या सर्व्हरवरून तुमचे पान त्याच्याकडे जाते. म्हणजे माल आपला आणि शीतगृह दुसऱ्याचे.

या दोन्हींत पत्ता अधिक मोलाचा. जागा पटली नाही तर माल उचलून दुसरीकडे नेता येतो, गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण पत्ताच गेला तर गिऱ्हाईक तुम्हाला शोधणार कसे?

पत्ता हा जमिनीसारखा कायमचा विकत मिळत नाही, हेही ध्यानात घ्या. तो मुदतीने मिळतो. शेवटी ‘डॉट इन’ असलेले भारतातले पत्ते ‘निक्सी’ या संस्थेच्या देखरेखीखाली दिले जातात आणि ते १ ते १० वर्षांसाठी घेता येतात. २०१४ सालापासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असा पत्ताही मिळतो. मुदत संपल्यावर थोडी सवड असते. तीही गेली की पत्ता खुला होतो, आणि जो आधी मागेल त्याला मिळतो.

म्हणून वेबसाइट कोणाकडूनही करून घ्या, पण पत्ता घेताना नाव तुमचे, मोबाइल तुमचा आणि ईमेल तुमचा द्या. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा आणि ती वही सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. पत्ता एका कंपनीकडून आणि जागा दुसरीकडून घेतली तरी चालते. उलट तसे बरेच. एकाशी बिनसले तर दुसरे हातात राहते.

पहिल्या वर्षाचा भाव फसवा

जाहिरातीत महिन्याचा भाव अगदी थोडा दिसतो. तो पहिल्या खेपेचा असतो, आणि पुष्कळदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा भाव दुप्पट-तिप्पट निघू शकतो. वर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून एकच प्रश्न विचारा: “दुसऱ्या खेपेला किती?” उत्तर सरळ मिळाले नाही तर पुढचे दुकान पाहा. पहिल्यांदा एक वर्षाचेच पैसे भरावेत. म्हैस घेताना आपण आधी दूध काढून पाहतो, तसेच हे.

किती जागा लागते?

‘अमर्याद जागा’ या शब्दाला भुलू नका. पोटभर थाळीवाल्यालाही कुठेतरी हात आखडावा लागतो. बारीक अक्षरांत मर्यादा लिहिलेल्या असतातच. आणि आपल्याला अमर्याद लागतेच कशाला? मोबाइलवर काढलेला फोटो सुमारे ४ एमबीचा असतो. तोच लहान करून २०० केबीचा केला तरी पडद्यावर छान दिसतो. असे शंभर फोटो २० एमबीत बसतात. एका पानाला २ एमबी धरले आणि महिन्याला हजार माणसे येऊन एकेक पान पाहून गेली, तरी २ जीबीची ये-जा झाली. एवढे काम अगदी लहान योजनेतही भागते.

अशा लहान योजनेला ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणतात. शीतगृहाच्या एकाच खोलीत अनेकांच्या पेट्या असतात, तसे एका सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतात. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपले पान थोडे मंद होते. घरगुती वेबसाइटला ते चालून जाते. स्वतंत्र सर्व्हर घेणे म्हणजे दहा पेट्यांसाठी अख्खे शीतगृह भाड्याने घेण्यासारखे आहे.

सर्व्हर कोणत्या गावी आहे, हे मात्र विचारा. मुंबईचा सर्व्हर आपल्या गिऱ्हाइकाला जवळ पडतो. अमेरिकेहून एका फेरीला सेकंदाचा सुमारे पाव भाग जातो, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात.

वचन आणि हिशेब

कंपन्या म्हणतात, “९९.९ टक्के वेळ चालू राहील.” हिशेब करा. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे ९९.९ टक्क्यांतही वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा आहे. वचन ९९ टक्क्यांचे असेल तर साडेतीन दिवसांहून अधिक. नेमके दिवाळीच्या आठवड्यात ते साडेतीन दिवस आले तर? वचन मोडल्यास कंपनी फार तर थोडे भाडे परत देते, बुडालेली ऑर्डर देत नाही.

वेबसाइटवरची ये-जा कुलूपबंद राहील अशी सोयही हवी. तिला एसएसएल म्हणतात. ती नसेल तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा दिसतो आणि तो दचकतो. २०१५ सालापासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था असे कुलूप फुकट देते. त्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर कारण विचारा.

एक प्रत घरी

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्राला आग लागली. एक इमारत पुरती जळाली आणि लक्षावधी वेबसाइट बंद पडल्या. ज्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी होती, ते सावरले. ज्यांची त्याच आवारात होती, त्यांतल्या काहींचे सगळेच गेले. बियाणे कधी एकाच कणगीत ठेवू नये, असे आपले वाडवडील सांगत आले, ते यासाठीच.

कंपनी रोज प्रत काढते का, हे विचाराच. पण महिन्यातून एकदा एक प्रत स्वतःच्या घरी उतरवून घ्या. घरात कॉम्प्युटर नसेल तर पेन ड्राइव्हवर घ्या. सूनबाई आता दर अमावास्येला ते काम करते, म्हणजे विसर पडत नाही.

फुकटची जागा

फुकट जागाही मिळते, आणि शिकण्यासाठी ती उत्तम. पण मालकाच्या मनात आले की तो जागा बंद करतो. याहूची जिओसिटीज ही फुकट वसाहत २००९ साली मोडली गेली आणि लाखो लोकांची पाने गेली. गूगल लहान दुकानदारांना व्यवसायाच्या नोंदीबरोबर एक साधी वेबसाइट फुकट देत असे, तीही मार्च २०२४ मध्ये बंद झाली. फुकटच्या जागेत खुशाल राहा, पण पत्ता स्वतःचा ठेवा. मग बिऱ्हाड हलवले तरी गिऱ्हाईक दारात येते.

पैसे भरण्यापूर्वी

रात्री नऊच्या सुमारास कंपनीला एखादा प्रश्न विचारून पाहा. पैसे घेण्याआधी जो उत्तर देत नाही, तो नंतर काय देणार? पटले नाही तर किती दिवसांत पैसे परत मिळतात, तेही विचारा. आणि माल उचलून दुसरीकडे न्यायचा झाला तर मदत करता का, हेही.

पैसे भरल्यावर मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. पुढच्या वर्षी नवे कॅलेंडर आले की पहिल्यांदा ती तारीख त्यावर उतरवा. आपोआप पैसे कापले जातील या भरवशावर राहू नका. कार्डाची मुदतही संपत असते, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या नव्या पत्त्याला आता तीन वर्षे झाली. पत्ता सूनबाईच्या नावावर आहे, कारण सांभाळते ती. ज्यांच्या घरी वेबसाइट आहे, त्यांनी आज जेवणे झाल्यावर घरच्यांना एवढेच विचारावे, “आपला पत्ता कोणाच्या नावावर आहे?” उत्तर लगेच आले नाही, तर उद्या सकाळी पहिले काम तेच करा.