जांभ्याखालची जमीन : माती आणि कमकुवत खडक यांची जागेवरील परीक्षा

प्रस्तावना

माती आणि दगड हे शब्द आपण नेहमी परस्परविरोधी अर्थाने वापरतो. जमिनीत मात्र या दोहोंमध्ये अशी स्पष्ट सीमारेषा नसते. गोव्यातील डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या पट्ट्यात वसलेले मुळगाव हे याचे चांगले उदाहरण होय. येथे पाया खणताना वर कठीण जांभा लागतो. 'दगड लागला, आता काळजी नाही' असे समजून पुष्कळदा खोदकाम थांबविले जाते. ही समजूत कितपत खरी आहे आणि ती पडताळण्याची साधने कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जमिनीची रचना

जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. हा दगड जमिनीत ओला असताना कापता येतो आणि हवा लागल्यावर टणक होतो. म्हणूनच कोकण-गोव्यात चिऱ्यांची घरे उभी राहिली. परंतु जांभा हे बहुधा वरचे कवच असते. त्याखाली मूळ खडक कुजून झालेली पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर, चिकट व गाळवट माती आढळते. तिला लिथोमार्ज म्हणतात. आणखी खाली अर्धवट कुजलेला फिलाइट आणि लोहयुक्त पट्टेदार खडक असतो. लिथोमार्ज कोरडी असताना भक्कम वाटते, पण पाणी मुरल्यावर तिचे बळ झपाट्याने घटते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

परीक्षा जागेवरच का?

नमुना प्रयोगशाळेत नेऊन तपासणे हा एक मार्ग आहे. अर्धवट कुजलेल्या खडकाच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. हा थर नळी खुपसून नमुना काढण्याइतका मऊ नसतो आणि अखंड गाभा कापून घेण्याइतका कठीणही नसतो. काढताना नमुना फुटतो, त्यातील भेगा मोकळ्या होतात, ओलावा बदलतो. सुमारे १ ते २५ मेगापास्कल दाबसामर्थ्य असलेल्या खडकांना अभियंते 'अतिकमकुवत' व 'कमकुवत' या वर्गांत ठेवतात. त्यांची खरी परीक्षा त्यांच्या जागीच घ्यावी लागते.

प्रमुख परीक्षा

१) प्रमाणित वेधन परीक्षा (एसपीटी) : विंधन छिद्राच्या तळाशी ठेवलेल्या दुभंग नळीवर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकतात. नळी एकूण ४५ सेंटिमीटर आत घालतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून पुढील ३० सेंटिमीटरसाठी लागलेले ठोके म्हणजे 'एन' मूल्य. वाळूसाठी ही परीक्षा चांगली आहे. जांभ्यात मात्र एखादा कठीण खडा आडवा आला की नळी पुढे सरकत नाही आणि 'खडक लागला' अशी नोंद होते. त्या खड्याखाली मऊ माती असू शकते.

२) पाते-कर्तन परीक्षा : चार पात्यांची फुली मऊ चिकणमातीत खुपसून फिरवितात. माती तुटताना लागणाऱ्या पिळावरून तिचे कर्तनसामर्थ्य काढतात.

३) पट्टभार परीक्षा : ३० ते ७५ सेंटिमीटर रुंदीची पोलादी पट्टी जमिनीवर ठेवून तिच्यावर टप्प्याटप्प्याने भार वाढवितात आणि ती किती खचते ते मोजतात. येथे एक मोठी फसगत संभवते. भाराचा परिणाम पट्टीच्या रुंदीच्या साधारण दीड ते दोन पट खोलीपर्यंतच जाणवतो. म्हणजे ३० सेंटिमीटरची पट्टी जेमतेम ६० सेंटिमीटर जमीन तपासते. त्याच जागी दोन मीटर रुंदीचा पाया घातला, तर त्याचा भार तीन-चार मीटर खाली पोहोचतो. जांभ्याचे कवच एक-दीड मीटरच जाड असेल, तर परीक्षेत जमीन उत्तीर्ण होते, इमारत मात्र खचते.

४) दाबमापक (प्रेशरमीटर) परीक्षा : फ्रेंच अभियंता लुई मेनार यांनी १९५० च्या दशकात हे साधन विकसित केले. छिद्रात रबरी आवरणाची नळी सोडून ती दाबाने फुगवितात. भिंत किती दाबाला किती सरकते, यावरून थराचे सामर्थ्य व लवचीकता कळते. कमकुवत खडकासाठी ही परीक्षा विशेष उपयुक्त आहे.

५) पारगम्यता परीक्षा : छिद्राच्या ठरावीक भागात दाबाने पाणी सोडून ते किती मुरते हे मोजतात. खडकातील भेगांचा अंदाज यातून येतो.

पेडण्याचा धडा

उत्तर गोव्यातीलच पेडणे येथील कोकण रेल्वेचा सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बोगदा पाण्याने भरलेल्या मऊ मातीतून खणावा लागला. माती वारंवार ढासळल्यामुळे काम रखडले. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. त्यानंतरही ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून वाहतूक खोळंबली. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत. जमीन एकदा तपासली म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. तिच्यातील पाण्याकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

निष्कर्ष

मुळगावसारख्या ठिकाणी शाळा, घर किंवा पाण्याची टाकी बांधताना जांभा लागला म्हणून थांबणे धोक्याचे आहे. निदान एक छिद्र तरी कवच भेदून पायाच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत जावे. एकाच परीक्षेवर विसंबू नये. भूजलाची पातळी पावसाळ्यातही नोंदवावी. खाणीतून काढलेल्या मातीच्या भरावाला मूळ जमीन समजू नये. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना रस्त्यासाठी कापलेला एखादा उभा कडा दाखवावा. वरचा तांबडा जांभा, खालची गुलाबी माती आणि दोहोंच्या सांध्यातून झिरपणारे पाणी प्रत्यक्ष पाहिले, की या परीक्षांची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.